पंखांवरची पुट्टी आणि वहिनींची सीट

चार माणसं मिळून विमान बांधायला लागली, की विमान सावकाश पुढे सरकतं; किस्से मात्र भराभर जमतात!

आमचं शेड अमरावतीहून चांदूर बाजारला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वी तिथे संत्री पॅक व्हायची. मालक श्रीकांतदादा. शेंदूरजनाघाटला त्यांच्या बागा आणि डोक्यात लहानपणापासून विमान. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून रिटायर झालेला. रफिकभाई अकोल्याचे, गाड्यांचे पेंटर. आणि दादांच्या मिसेस, सुनंदावहिनी.

विमान दोन सीटचं. दुसरी सीट वहिनींची, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण वजन वाढलं तर दादा एकटेच उडणार! त्यामुळे रंग देण्याआधी पंखांवरचे खड्डे कोणत्या फिलरने भरायचे, हा आमच्याकडे घरगुती प्रश्न होता.

*

रफिकभाई गाड्यांच्या पुट्टीचा डबा घेऊनच आले. "हे भरा. अर्ध्या घंट्यात घासाले तयार!"

मी म्हटलं, काचेच्या पोकळ कणांची पावडर इपॉक्सीत कालवू, ती हलकी असते. त्यांनी पावडरची पिशवी उचलून पाहिली. "रिकामीच आनली का, सर?"

मग पैज लागली. एका पातळ फळीवर त्यांची पुट्टी, दुसरीवर माझं मिश्रण. वाळल्यावर दोन्ही वाकवल्या. त्यांच्या पुट्टीची खपली उडाली ती थेट माझ्या चहात!

रफिकभाई जराही खजील झाले नाहीत. "गाडीले पंख नसते ना, सर!"

*

मिश्रण किती घट्ट हवं, यावर दादा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले होते. वहिनींनी मिश्रणाच्या कपात लाकडी पट्टी उभी खोचली. शिजलेल्या पुरणात डाव उभा राहतो, तशी पट्टी सरळ उभी राहिली.

"झालं पुरन! लावा आता."

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये तीच टेस्ट चालते, आणि ती अजून एकदाही चुकलेली नाही.

*

एकदा घासणं चालू असताना कोणीतरी पंखा लावला. मास्क होते म्हणून निभावलं, पण आम्ही चौघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे! तेवढ्यात दारात एक काका डबा घेऊन उभे.

"गहू दळून भेटन का?"

दादांनी मागचं विमान दाखवलं. काकांनी ते नीट पाहिलं. "हे नंतर करा. पयले माहे गहू घ्या."

*

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी पंखावरून हात फिरवतो, बैल घेताना पाठीवरून फिरवतात तसा. मग हमखास त्याला एक खड्डा सापडतो. दादा लगेच पेन्सिलने गोल करायचे, की तिथे पुन्हा फिलर! असे गोल इतके वाढले, की पंखाला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

एके सकाळी सगळे गोल गायब. वहिनी खोडरबर घेऊन उभ्या!

"काहून खोडले?" दादा ओरडले.

"पाव्हन्याइचे खड्डे माह्या सीटवर बसून राह्यले. एकबी भराचा नाई!"

*

शेवटी वजनाचा दिवस आला. संत्र्याच्या आडतीतून तीन काटे आणले आणि तिन्ही चाकं त्यांवर चढवली. दोघांचं वजन आणि पेट्रोल धरून मी बेरीज केली, पुन्हा केली. थोडंच, पण मर्यादेपेक्षा जास्त भरत होतं.

वहिनींचा चेहरा उतरला. एवढे दिवस त्या आमच्याबरोबर घासत होत्या. मला फार वाईट वाटलं.

"अजून घासतो थोडं," रफिकभाई म्हणाले.

"घासाले उरलंच काय?" दादा पंखाला टेकून, हातातला आलुबोंडा चटणीत बुडवत म्हणाले. प्लेटमधला तो शेवटून दुसरा.

वहिनींनी विमानाकडे पाहिलं. मग दादांकडे. हातातला सँडपेपर त्यांनी दादांच्या पोटावर, ताणलेल्या बटनापाशी टेकवला.

"आन् हे कोन्तं फिलर हाय?"

दादांनी आलुबोंडा परत प्लेटमध्ये ठेवला.