समजूतदार मुलगा

सरकारी दवाखान्यात बाकावर बसून मी माझा नंबर येण्याची वाट पाहत होते. शेजारी एक बाई आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे केस बाटलीतल्या पाण्याने ओले करून भांग पाडत होती.

"आई, पुरे ना. लग्न आहे का माझं?"

"गप बस. डॉक्टर विचारतील त्याचं नीट उत्तर दे. कळत नाही, असं एकदाही म्हणू नकोस."

मुलगा आत गेला, तशी त्याची आई दाराशी जाऊन उभी राहिली. सोबतचा साध्या कपड्यांतला पोलीस मला हळूच म्हणाला, "मारामारीत खून झालाय याच्या हातून, आजी. कोर्टानं तपासायला पाठवलंय. काय करतोय ते याला कळत होतं असं निघालं, तर खटला मोठ्या माणसासारखा चालेल."

"मग तिला सांगा ना!"

"सांगितलं. ती म्हणते, पोरावर वेड्याचा शिक्का बसेल."

माझ्या मुलांनो, विचारलं की मान वर करून पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं, हेच मी आणि तुमच्या बाबांनी तुम्हाला लहानपणी शिकवलं. फोनवर तुम्ही तसं बोललात की मला अजून बरं वाटतं. त्या दाराआड एक मुलगा आईचं तंतोतंत ऐकत होता आणि प्रत्येक नीट उत्तरासरशी तिच्यापासून लांब जात होता.

तो बाहेर आला. भांग जरासुद्धा विस्कटला नव्हता.

"सगळं सांगता आलं?"

"सगळं," तो हसून म्हणाला.

तिने समाधानाने बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला प्यायला दिलं.