सावुतचा खोतानी हेल

सावुत बूट शिवायला उइगुर मुलखातल्या गुल्जा शहरात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. इथेच रमला, इथल्याच इबादतशी लग्न केलं, तीन मुली झाल्या. जन्मगाव खोतान मात्र जिभेवरून हललं नाही. वाक्याचा शेवट तो असा लांबवायचा की ‘टाचा झिजल्यात’ एवढं म्हटलं तरी अंगाई वाटे. गिऱ्हाइकं त्याला अका, म्हणजे दादा, म्हणत आणि मुद्दाम विचारत, “सावुतअका, बूट कधी मिळतील?” आणि “परवा-आ-आ” ऐकून खुशीत परतत. बूट परवा मिळत नसत, हा भाग वेगळा.

हिवाळ्यात आळीतले तीसेक पुरुष दर आठवड्याला एकेकाच्या घरी मशरपला जमत. गाणं, नाच, पुलाव, आणि चुकलेल्याला हसतखेळत शिक्षा. त्या वर्षीचा म्होरक्या हेमदुल्ला, मधमाश्या पाळणारा. सावुत तिसऱ्यांदा उशिरा आला तेव्हा त्याने फर्मान काढलं, “जेवणं होईपर्यंत अकांनी आमच्यासारखं बोलायचं.”

“बरं,” सावुत म्हणाला. तेही लांबलं. हशा पिकला.

पुढचं वाक्य त्याने इतकं तोडून म्हटलं की शेजारच्याने विचारलं, “अका, दाढ दुखतेय का?”

सावुतने तोंडच मिटलं. त्याला खरंच लागलं होतं. पंचवीस वर्षं यांच्या बुटांचे तळ शिवले, आणि अजून आपण बाहेरचेच?

पुलाव आला. एरवी घासाघासाला सावुत खोतानच्या गाढवांचे किस्से सांगायचा. आज सगळे मुकाट्याने गाजरं चिवडत बसले. शेवटी हेमदुल्लालाच राहवेना.

“अका, ते वरातीत शिरलेलं गाढव... त्याचं पुढे काय झालं?”

सावुत गप्प.

“शिक्षा मागे घेतली.”

सावुत गप्पच.

“चुकलं माझं. मधाची एक बरणी घरी पोचवतो.”

“मोठी-ई-ई?” सावुतने विचारलं, आणि गाढव वरातीत शिरलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला तो खोतानला गेला. थोरल्या बहिणीने, ताजिखानने, त्याला मिठी मारली, पुढ्यात ताट ठेवलं, आणि जेवण झाल्यावर त्याची दोन वाक्यं ऐकून ती हसत म्हणाली, “का रे, एवढं तुटक बोलतोस? पक्का गुल्जावाला झालास की.”

परतल्यावर त्याने हे फक्त इबादतला सांगितलं. इबादतने फक्त शेजारणीला. दुसऱ्या दिवशी हेमदुल्ला दुकानात हजर.

“बूट नाही आणलेत, अका. तिकडे कशी काय थट्टा झाली, तेवढंच ऐकायला आलो.”

सावुतने त्याच्याकडे स्टूल सरकवलं. “त्यांनी आधी पोटभर जेवू घातलं, मग हसले. तुमचं उलटं असतं.”