अक्काचं कार्ड

अमेरिकेला निघाले त्या दिवशी लातूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी हलायच्या बेतात होती, तेव्हा आईने खिडकीतून एक प्लॅस्टिकची पिशवी आत दिली. पिशवीत लसीकरणाचं जुनं कार्ड होतं. "तिथल्या कॉलेजात हेच दाखीव. माझंच हाय म्हणून सांग," ती म्हणाली. कार्ड माझं नव्हतं. भूकंपात गेलेल्या माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं होतं. नावाच्या जागी पाणी लागून निळा डाग पडला होता, आडनाव तेवढं वाचता येत होतं.

भूकंपाच्या वेळी मी आठ महिन्यांची होते. मला ना अक्का आठवते, ना ते मातीचं घर. ढिगाऱ्यातून माझ्या वडिलांना, अण्णांना, रेशनकार्डाचा डबा सापडला, त्यात हे होतं. अक्काचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. माझं कार्ड काही सापडलं नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या लेकरांना कसलीशी सुई दिली आणि मला ताप भरला. एक लेक नुकती गेलेली, दुसरी मांडीवर फणफणलेली. त्या दोन दिवसांत आईने ठरवून टाकलं की हिला पुन्हा सुई नाही. नंतर सिस्टर दारावर आल्या की ती मला उचलून शेताकडे निघून जायची. हे तिने मला सांगितलं ते कॉलेजचं पत्र आल्यावर. गोवराच्या दोन डोसांचा पुरावा आणा, नाहीतर इथे येऊन घ्या, त्याशिवाय वर्गाची नोंदणी होणार नाही, असं त्यात होतं.

तेव्हा कुठे मला बारावीतल्या एका प्रसंगाचा उलगडा झाला. लातूरला क्लाससाठी आम्ही सहा जणी एका खोलीत राहायचो. एकीला गोवर निघाला, ते मी फोनवर सहज बोलून गेले, तर दुसऱ्या दिवशी आई दारात हजर. "पेटी उचल, चल." दोन टेस्ट बुडतील म्हणून मी केवढा थयथयाट केला! पंधरा दिवस ती येता-जाता माझं कपाळ चाचपत होती, आणि मी तिच्याशी धड बोललेही नाही.

अमेरिकेत पोहोचल्यावर आठवडाभर मी कॉलेजच्या दवाखान्यासमोर नुसत्या फेऱ्या मारल्या. भीती सगळीकडूनच होती. खोटं पकडलं गेलं तर परत पाठवतील. खपून गेलं तर एवढ्या मोठ्या होस्टेलात गोवराची साथ आली की माझं काय? आणि खरं सांगावं तर सुई, जिच्या धास्तीत मी वाढले. शेवटी काउंटरवर कार्ड ठेवलं. नर्सने जन्मतारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तुझंच ना?" हो म्हणायला तोंड उघडलं आणि नजर त्या निळ्या डागावर गेली. अक्काची जगात एवढी एकच खूण, आणि तीही मी माझ्या नावावर करायला निघाले होते.

"बहिणीचं आहे," मी म्हणाले. "ती आता नाही."

नर्सने कार्ड दोन्ही हातांनी उचलून मला परत दिलं. "काही बिघडलं नाही. पहिला डोस आज, दुसरा चार आठवड्यांनी." मी भिंतीकडे बघत बाही वर केली.

आईला फोन लावला तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली, "कार्ड ठिवून घेतलं का गं त्यांनी?"

"न्हाई आई. माझ्यापाशीच हाय."

ती फोनवरच रडायला लागली. स्टँडवर तिने मला काय देऊन टाकलं होतं ते मला तेव्हा कळलं. मग नाक ओढत म्हणाली, "ताप न्हाई न्हवं? खरं सांगायलीस न्हवं?"

दुसऱ्या डोसाला तिने मला फोन चालूच ठेवायला लावला. ती नेहमीसारखी अंगणात बसली होती. पुनर्वसनातल्या सिमेंटच्या घराचा तिला अजून भरवसा नाही, दाराला कडी ती कधीच लावत नाही. सुई मला टोचली आणि "आई गं!" तिकडून तीच ओरडली. नर्ससुद्धा हसली, आणि माझ्या नावाचं नवं कार्ड तिने माझ्या हातात ठेवलं.

गावाकडे राहिलेले आणि माझ्यासारखे लांब आलेले, दोघेही विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? मला सांगता येत नाही. माझ्या खणात त्याच पिशवीत दोन कार्डं आहेत, एक अक्काचं, एक माझं. आई म्हणते, परत पाठवू नको, दोघी सोबत ऱ्हावा. बाहेरून मोठा ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली की मी अजूनही आधी ती पिशवी उचलते आणि मग दाराकडे पळते.