चकमकीवरचा चहा

मंडळी, आज आंबेगावच्या जंगलातल्या शिबिरात मी काडेपेटीशिवाय जाळ केला.

शिकवायला ठाकरवाडीच्या हौसामावशी व्हत्या. त्यांनी चकमकीचा दगड, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस हातात दिला. "जाळ झाला तर सगळ्यांना चहा, न्हाई तर पाणी प्या," म्हणाल्या.

कापसावर ठिणगी पडली, की मी चुलीत मारतो तशी जोरात फुंकर मारायचो. दोनदा विझली.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर कशी फुंकर घालतो? तशी घाल."

घातली. कापूस धुमसला, पाचोळा पेटला. राव, तो चहा लई गोड लागला.

आजोबांची चकमक आमी भंगारात घातली. तुमच्या घरात हाय का? सापडली तर बोलवा, पेटवून दाखवतो.