येडगावच्या गाळातले नदी सुरय

"फोटो आहे का?" फोनवर मॅडमनी विचारलं.

"नाही. पण पक्षी डोक्यावर येऊन ओरडतायत. अंडी इथेच कुठेतरी आहेत."

"अंदाजावर काम थांबवायचं पत्र देता येत नाही. सोमवारी जेसीबी येतोय. त्याआधी अंडी दाखव."

मी ओझरच्या एसटीडी बूथमधून तोंड पाडून बाहेर आलो.

त्या वर्षी जुन्नर-आंबेगावच्या पक्ष्यांची यादी करायचं काम आमच्याकडे होतं. कोणता पक्षी नुसता पाहुणा, कोणाची वीण इथे होते, कोणाला धोका आहे, हे प्रत्येकापुढे लिहायचं. मॅडम प्रोजेक्टच्या प्रमुख, मी फिरणारा. नदी सुरय म्हणजे काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा देखणा पक्षी. घरटं म्हणून तो काडीही उचलत नाही. उघड्या जमिनीवर खळगा करतो आणि त्यातच अंडी घालतो. येडगाव धरणाचं पाणी ओसरलं होतं, आणि शेतांसाठी गाळ उचलायचा होता तो नेमका सुरय ओरडत होते तिथूनच.

चार दिवस मी उन्हात भाजून निघालो. दुर्बीण लावून खडान् खडा पाहिला. हाती काही लागलं नाही.

शनिवारी मेंढरं घेऊन चाललेल्या ठकूबाई थांबल्या. "काय हुडकताय वो भाऊ, चार दिस?"

"पाखरांची अंडी, मावशी. सापडत नाहीत."

"मंग त्या काट्यांत का न्हाई बघत?"

गाळात जागोजागी बाभळीच्या फांद्या गोल रचून ठेवल्या होत्या. मी रोज त्यांना वळसा घालून जात होतो. उन्हाळ्यात लोक गाळात वेल लावतात, हे मला ठाऊक होतं.

"ती कुणाची तरी कलिंगडाची आळी ना? म्हटलं, दुसऱ्याच्या पिकात कशाला पाय ठेवा."

ठकूबाई हसता हसता खालीच बसल्या. "कलिंगड! आवो, मीच टाकल्यात त्या फांद्या. मेंढरांचा पाय पडतो अंड्यांवर. दरसाल टाकते."

त्यांनी काठीने एक फांदी उचलली. आत ठिपक्यांची तीन अंडी, हुबेहूब खड्यांसारखी. मी अक्षरशः उडी मारली. चार मेंढरं बिचकून पळाली आणि मला शिव्या बसल्या. त्याही गोड लागल्या. अकरा कुंपणं होती, अकराही कुंपणांत अंडी.

रविवारी मॅडम आल्या. गाळ नेणारे शेतकरीही जमले. मॅडमनी भाषणाची तयारी केली होती, पण शेतकऱ्यांतले एक आजोबा अंडी बघून म्हणाले, "आमाला गाळ पायजे, ह्योच पायजे आसं कुठंय? पल्याडचा उचलू, राव." भाषण राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी पिल्लं गाळात तुरुतुरु पळत होती. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता. यादीत नदी सुरयपुढे मी लिहिलं: 'इथे वीण होते. शोध: ठकूबाई, मेंढपाळ.'

मॅडमनी विचारलं, "आणि तू काय केलंस?"

"वळसे घातले."

तेव्हापासून एक नियम पाळतो. काही सापडेनासं झालं, की आपण कुठे कुठे पाय ठेवलेला नाही, ते आधी बघतो.