लंगोटासाठी अडून बसलेली आत्या: पंचवटी ते सटाणा

गेल्या जानेवारीत मी भाचीच्या बारशाला सटाण्याला जाऊन आले, त्याची ही हकिकत. आधीच सांगते, कापडी लंगोट म्हणजे मागासलेपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच परत फिरावं. माझ्या मागच्या लेखाखाली "ताई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे" असं लिहून गेलेल्या गृहस्थांनी मात्र थांबावं. त्यांच्यासाठीच लिहितेय.

झालं असं. माझा धाकटा भाऊ प्रसाद नाशिकला पंचवटीत आईबाबांकडे राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याची बायको मनीषा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे सटाण्याला गेलेली. मुलगी झाली. बाळ जरा नाजूक होतं म्हणून बाराव्या दिवशीचं बारसं सव्वा महिन्यावर गेलं. मधल्या काळात मनीषाच्या काकांनी त्यांच्या जनरल स्टोअर्समधून डायपरचं एक अख्खं खोकं घरी पाठवून दिलं. फुकटात अख्खं खोकं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. सगळे खूश. धुणं नाही, वाळवणं नाही, बाळ रात्रभर झोपतं. आठवड्याभरात पोरीच्या मांड्या लालेलाल झाल्या. डॉक्टरांनी मोकळं ठेवा म्हणून सांगितलं, ते दोन दिवस पाळलं आणि परत डायपर.

हे मला मनीषाने फोनवर सांगितलं, तेही इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, "ताई, काकांनी एवढं प्रेमानं पाठवलंय, मी कसं नको म्हणू?" फोन ठेवल्यावर माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. माझी एवढीशी भाची रडून रडून लाल होतेय आणि घरातली मोठी माणसं कशाची काळजी करतायत, तर काकांना वाईट वाटेल याची.

आणि डायपरचं म्हणाल तर आमच्या इंदिरानगरमध्ये रोज सकाळी कचऱ्याची घंटागाडी यायच्या आत कुत्री त्या पिशव्या फाडून ठेवतात. बिल्डिंगच्या मागे जाऊन एकदा बघा. हौस एकाची आणि घाण गावाची. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले तेव्हाही लोक माझ्याकडे बघून हसले होते. हसा म्हटलं.

तर बारशाला आत्याने बाळाचे कपडे न्यायचे असतात. अंगडं, टोपडं, कुंची, दुपटी, खुळखुळा. आत्याने आणलेलं नेसवायचं, पाळण्यात घालायचं आणि मग आत्यानेच कानात नाव सांगायचं. ठरवलं, या सगळ्यात प्लॅस्टिकचा एक तुकडा असणार नाही. माझे मिस्टर म्हणाले, एखादा छानसा फ्रॉक घे आणि मोकळी हो. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

खरेदीला आदल्या आठवड्यातल्या शनिवारी पंचवटीत गेले. कुणाला अशी खरेदी करायची असेल तर सकाळी लवकर जा, दहानंतर त्या गल्ल्यांमधून रिक्षा आणि स्कूटर यांच्यातून वाट काढताना जीव जातो. पुलापलीकडे मेन रोडला मलमल चांगली मिळते. दुकानदार आधी चकचकीत, फुलाफुलांचं कापड दाखवतो. त्याला सांगायचं, रंग नको, जर नको, साधं पांढरं दाखव. तो तोंड वाकडं करतो, करू द्या. घरी आणून दोनदा गरम पाण्यात खळ काढायची, नाहीतर नवं कापडही टोचतं. दुपट्यांना मात्र विकतचं काही घेतलं नाही. माझ्या तीन सुती साड्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या झाल्या होत्या, त्या फाडल्या आणि दुहेरी शिवल्या. त्यातली एक मला फार आवडायची, पण असो.

पांगुळगाड्यासाठी पंचवटीतल्याच एका सुताराकडे गेले. बाळ सव्वा महिन्याचं आणि पांगुळगाडा कशाला, असं आई म्हणाली. तर कशाला म्हणजे, आत्ता नेला नाही तर तो काका चालायच्या वेळी प्लॅस्टिकचा वॉकर पाठवणार, ते नको म्हणून. सुतार लाल-हिरवा रंग मारून देतो म्हणत होता, तोही फुकट. पोरं सगळं आधी तोंडात घालतात, मला कोरं लाकूड हवं होतं. पॉलिश पेपर मारून तेल लावून घेतलं. लाकडी खुळखुळा त्याच्याकडेच मिळाला. हे सगळं मिळून डायपरच्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढंही झालं नाही, ज्यांना "इको-फ्रेंडली म्हणजे श्रीमंतांचे चोचले" वाटतात त्यांच्यासाठी हे सांगून ठेवते.

आईबाबा बारशाला येणार नव्हते, घरी पाहुणे होते. बारशाच्या रविवारी सकाळी मी आणि प्रसादने सीबीएस स्टँडवरून सटाण्याची एसटी पकडली. थंडी मी म्हणत होती. कंडक्टरने पांगुळगाडा पाहिला आणि टपावर टाका म्हणाला. मी म्हटलं, लहान बाळाची वस्तू आहे, धुळीत जाणार नाही. तो म्हणाला मग लगेजचं तिकीट काढा. काढलं, आणि गाडा मांडीवर घेऊन बसले. प्रसाद दोन सीट सोडून पुढे जाऊन बसला. लाजला होता मेला.

रस्ता मात्र सुरेख आहे. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मग हायवे सोडून देवळ्याकडे वळलं की भावडबारीचा घाट. घाट लहानसाच, पण वरून खाली बघताना कांद्याची शेतं हिरवीगार दिसतात. देवळ्याच्या स्टँडवर गाडी थांबते, तिथे भजी घ्या, चहा घेऊ नका. नुसतं गोड पाणी असतं. पुढे सटाण्यापर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर इतके पुढे-मागे की गाडी रांगत जाते. उशीर धरूनच निघा.

मनीषाचं माहेर स्टँडपासून चालत जाण्यासारखं. अंगणात मांडव, दारात रांगोळी, आत बायकांची गर्दी. मुलाकडची माणसं म्हणून आमचं कोण कौतुक. पाणी, चहा, शेव, परत चहा. मनीषाच्या आईने मला हाताला धरून गादीवर बसवलं. स्वभावाने गोड बाई, खोटं कशाला बोलू. पण बाळाला माझ्या हातात दिलं तेव्हा त्याच्या अंगात झालरींचा नायलॉनचा फ्रॉक आणि खाली फुगलेला डायपर. मी आतल्या खोलीत नेऊन काढून पाहिला. मांड्यांच्या सांध्यात कातडी सोलवटली होती. हात लागला तसं पोरीने जे रडं काढलं, मला रडूच आलं. मनीषा दारात उभी राहून बघत होती. तिने मान खाली घातली.

मी पोरीला कोमट पाण्याने पुसलं, कोरडं केलं आणि अर्धा तास नुसत्या दुपट्यावर मोकळं ठेवलं. हात-पाय हलवत शांत पडली. मग मला ओवाळायला पाटावर बोलावलं म्हणून बाहेर गेले. दहा मिनिटांत परत येते तो काय, बाळ पाळण्याशी तयार, परत तोच फ्रॉक आणि परत डायपर. काका समोर खुर्चीत बसलेले. एवढ्या लोकांत बाळ कुणाच्या अंगावर ओलं व्हायला नको, असं मनीषाच्या आईचं म्हणणं. आणि मी आणलेलं अंगडं-टोपडं ताटात हळदीकुंकू लावून पाळण्याशेजारी ठेवलेलं. म्हणजे मान दिला, झालं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याच्या वरून खालून फिरलं, पाळण्यात निजवलं. आता नाव. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या मागे चार जणी पाठीत धपाटे घालायला हात वर करून उभ्या.

मी वाकलेच नाही. म्हटलं, "आधी हे काढा, मी आणलेलं घाला. मग नाव सांगते."

आधी सगळ्यांना चेष्टा वाटली. मग कळलं की बाई खरंच उभी आहे. कुणीतरी म्हणालं, नाव झाल्यावर बदलू की. मी नाही म्हटलं. कुणी म्हणालं, घुगऱ्या गार होतायत. होऊ द्या. काका म्हणाले की त्यांच्या दुकानातून मोठमोठ्या डॉक्टरांची घरं हाच माल नेतात. मी त्यांना म्हटलं, तुमचा माल चांगला असेल हो, पण पोरीची कातडी निघालीय, या आत आणि बघा. ते काही उठले नाहीत.

तेव्हा मनीषाच्या आईने जे विचारलं ते मात्र बरोबर होतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नाव ठेवून उद्या नाशिकला जाल. दिवसाला वीस लंगोट निघतात. ते धुवायचे कोणी? माझी लेक ओली बाळंतीण आहे आणि मी एकटी."

मी असल्या प्रश्नांपासून पळत नाही. ओली बाळंतीण थंडीत पाण्यात हात घालणार नाही, आणि त्या बाईनेही का म्हणून मरावं? मी मागे वळले आणि म्हटलं, "प्रसाद धुवेल. बाप आहे तो."

जावई माणूस, नवा शर्ट, कपाळाला ओला टिळा. प्रसादने माझ्याकडे बघितलं, मग मनीषाकडे. वाटलं, आता हा हसण्यावारी नेणार. पण तो बाळाकडे गेला आणि म्हणाला, "बदला. इथे आहे तोवर मी धुतो, घरी आल्यावरही मीच." कान लाल झालेले होते, पण बोलला.

मनीषाने स्वतः उठून डायपर काढला. लंगोट बांधला, वर मऊ अंगडं, टोपडं. आणि पोरीने पाच मिनिटांत लंगोट घाण केला. आता सगळ्या घराचं लक्ष प्रसादवर. त्याने मुकाट्याने तो उचलला, मागच्या अंगणात नळाशी गेला, बाह्या वर केल्या आणि उकिडवा बसला. मी रिठ्याची पूड दिली. शेजारच्या भिंतीवरून तीन डोकी वर आली. मनीषाची आई धावत गेली, त्याच्या हातातून लंगोट ओढायला लागली. "हाई काय शे ताई, जवाई लंगोट धुई राहिनात, लोक काय म्हनतीन," असं मला म्हणत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचं वाईट वाटलं. पण मी सांगितलं, धुऊ द्या. प्रसादनेही सोडला नाही. मनीषाचे वडील उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मग मी नाव सांगितलं. सई. त्या चार जणींनी सगळा राग काढून माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दुसऱ्या दिवशी एसटीत मला टेकून बसता येईना.

जेवण छान होतं. मांडे केले होते, खापरावरचे, सोबत वांग्याची भाजी आणि रश्शी. सटाण्याला कुणाच्या घरी मांडे मिळाले तर लाजू नका, पोटभर खा. माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही, तरी वाढायला कमी केलं नाही. काका न जेवताच गेले. प्रसादने रजा वाढवली, मी सोमवारी एकटी परत आले. बसमध्ये मनात आलं की माणसं दुखावून आले. पण पोरीच्या मांड्या आठवल्या आणि म्हटलं, परत जायची वेळ आली तर परत दुखावीन.

पंधरा दिवसांत सईची कातडी चांगली झाली. हे मनीषाने कळवलं, या वेळी मोठ्या आवाजात. काकांनी उरलेलं खोकं परत नेलं आणि अजून माझं नाव घेत नाहीत.

मार्चमध्ये मनीषा बाळाला घेऊन पंचवटीला सासरी आली. दुसऱ्याच दिवशी माझ्या आईचा फोन. आवाज चढलेला. आईने नातीच्या स्वागतासाठी हौसेने डायपरची पाकिटं आणून ठेवली होती, आणि मनीषाने ती सगळ्यांच्या देखत परत केली होती. माहेरी काकांपुढे तोंड न उघडणारी मनीषा सासूला सरळ म्हणाली होती, आई, आमच्याकडे हे चालत नाही. मी फोनवर हसले, त्याने आई आणखी भडकली.

"हसतेस काय? पाकिटांचं राहू दे. माझा मुलगा कामावरून आल्या आल्या मोरीत बसून लंगोट धुतोय. माझ्या डोळ्यांसमोर. तू शिकवलंस हे."

परक्यांच्या घरी अडून बसणं सोपं असतं. आता पाळी माझ्या माहेराची होती, आणि समोर माझी आई. मी म्हटलं, "हो, मीच शिकवलं. आई, आमचे दोघांचे कोणी धुतले?"

"मीच. दुसरं कोण? तुझ्या बाबांनी एकदाही..." ती बोलता बोलता थांबली.

फोन चालूच होता. मला तिकडचा नळ ऐकू येत होता. मग आईचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"प्रसाद, नीट घट्ट पीळ रे. ओले राहतात."