बाईंचं शेवटचं पोस्टकार्ड

आलेल्या पत्राला बाई त्याच दिवशी उत्तर देत. श्रीगोंद्याच्या शाळेत त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतरही जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं की चहा निवायच्या आत पेन उघडायच्या. "उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं," असं म्हणायच्या. मला तर उत्तरासोबत माझंच पत्र परत यायचं, चुका लाल शाईने दुरुस्त केलेलं. मी नगरला वकिली करू लागलो तरी हे थांबलं नाही.

त्यांची मुलगी रूथ, नवऱ्याशी बिनसल्यावर, सहा वर्षांच्या चिमीला घेऊन परदेशातून माहेरी आली. रविवारी चर्चमध्ये बाईंना टेकून चिमी मराठी गीतं म्हणू लागली. मग तिकडच्या कोर्टाची नोटीस आली. मुलीला परत आणा, काही म्हणणं असेल तर तीन आठवड्यांत मांडा.

बाई त्याच दिवशी एसटीने माझ्याकडे आल्या. "मुदत आहे रे, पण आजच लिहून टाकू. तू बघशील ना?"

"मी आहे ना, बाई."

मी होतो कोण? वाटपाचे आणि बांधाचे दावे चालवणारा. परदेशी कोर्टाचा कागद पहिल्यांदाच हातात धरत होतो. बाररूममध्ये ज्येष्ठ वकील बसलेले होते, मधे फक्त एक जिना होता. मी विचारलं नाही. बाईंसमोर अडाणी दिसायचं नव्हतं. रूथच्या नावाने चार पानी इंग्रजी उत्तर लिहिलं. नवऱ्याचा स्वभाव, तिचे हाल, सगळं. बाईंनी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. "छान लिहिलंस," म्हणाल्या. मी आठवीतल्या पोरासारखा फुललो.

तुमच्या कोर्टाचा अधिकार आम्हाला मान्य नाही, ही एक ओळ त्यात आधी हवी होती. ती नव्हती. तिकडे निकाल विरुद्ध गेला. तो घेऊन नवरा इथल्या उच्च न्यायालयात आला आणि त्याच्या वकिलाने माझी चार पानं वाचून दाखवली. त्या कोर्टापुढे तुम्ही आपणहून म्हणणं मांडलंत, आता निकाल पटत नाही म्हणून कसा नाकारता, असं न्यायाधीशांनी विचारलं. चिमीला परत पाठवायचा हुकूम झाला. निकालात इतरही कारणं होती. मला ती पाठ आहेत. उपयोग होत नाही.

बाररूममध्ये ज्येष्ठ म्हणाले, "बांधाचे वकील थेट साता समुद्रापार! अहो, एका शब्दाने विचारायचं होतंत."

चिमी गेली. रूथचा व्हिसा संपला होता, ती इथेच राहिली.

महिन्याभराने बाईंचं पोस्टकार्ड आलं. "तुला माहीत नव्हतं, हे मी समजू शकते. पण माहीत नाही, एवढं मला का सांगितलं नाहीस?" खाली फक्त सही.

कितीदा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीतच स्वतःची वकिली सुरू व्हायची. कागद फाडायचो.

बाई गेल्या, तेव्हा मातीला गेलो. रूथने ओळखलं. म्हणाली, "पोस्टमन आला की आई शेवटपर्यंत विचारायची, नगरचं काही आहे का?"